आधी पाणी, मग विस्तव

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घरोघर माळे उपसले जातात. त्या उपशातून निघणाऱ्या वस्तूंचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातल्या वस्तू टाकून देण्याजोग्या असतात आणि त्या टाकल्या जातात. दुसऱ्या वर्गातल्याही टाकून देण्याजोग्याच असतात, पण कुणाचा तरी जीव त्यांत अडकलेला असल्यामुळे झटकून पुन्हा वर ठेवल्या जातात. तिसऱ्या वर्गात बहुधा एकच वस्तू असते, ती म्हणजे तांब्याचा बंब. टाकावा तर तांबे आहे, ठेवावा तर जागा खातो आणि वापरावा तर कसा वापरायचा हे ठाऊक असलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

अशा बंबाच्या नशिबी बहुधा तीनपैकी एक गत येते. एक म्हणजे मोड. मोडवाला येतो, काट्याला लावतो, पितळी तोटी वेगळी काढतो आणि उरलेला बंब तिथेच दोन घाव घालून चेपतो, म्हणजे हातगाडीवर जागा कमी लागते. दुसरी गत शोभेची. बंबाला यंत्रावर घासून आरशासारखा लखलखीत करतात आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा करून त्यात वाळक्या गवताचे तुरे खोचतात. हॉटेलांच्या दारांत तर असे बंब आता रखवालदारासारखे उभे असतात. तिसरी गत कुंडीची. आत माती भरायची आणि कोरफड लावायची. या तिन्हींत कोरफडच त्यातल्या त्यात प्रामाणिक, असे माझे मत आहे. तिला निदान पाणी तरी लागते.

ज्यांनी बंब पेटलेला पाहिला नाही अशा वाचकांसाठी त्याची रचना सांगायला हवी. तांब्याच्या पत्र्याचे कमरेएवढ्या उंचीचे एक पिंप आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार गेलेला एक नळा. पिंप आणि नळा यांच्या मधल्या जागेत पाणी. नळ्याच्या पोटात विस्तव. नळ्याच्या बुडाशी बिडाची जाळी आणि जाळीखाली राख पडायला व वारा आत शिरायला मोकळी जागा. बाजूला तोटी, उचलायला दोन कड्या, पाणी ओतायला वर एक तोंड. जळण वरून नळ्यात सोडायचे. बस्स, एवढेच. यात फिरणारा भाग एकच, तो म्हणजे तोटीचा कान.

पण या साधेपणात मोठी अक्कल आहे. चुलीवर पातेले ठेवले की निम्मी ज्वाळा पातेल्याच्या कडेने निसटून भिंत तापवते. बंबात विस्तवाला पाण्याचा चहूबाजूंनी वेढा असतो. तापवायला पाण्याखेरीज दुसरे काही सापडतच नाही. शिवाय नळा हेच धुराडे. आत हवा तापली की ती वर धावते, तिच्या जागी खालून ताजा वारा येतो आणि एकदा जम बसला की फुंकणीची गरजच राहत नाही. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेचे जवळजवळ दोन युनिट लागतात. तेवढेच काम चांगला बंब दीड किलोच्या आतबाहेर वाळक्या लाकडात करतो.

ही युक्ती काही एकट्या आपली नाही. रशियातल्या तुला शहराचे समोवार प्रसिद्ध आहेत. काश्मिरात कहवा ज्यातून ओततात तोही समोवारच. दोहोंच्या पोटात विस्तवाचा नळा असतो. आगगाडीच्या इंजिनाचे घराणेही हेच. १८२९ साली इंग्लंडात रेनहिल येथे झालेल्या इंजिनांच्या परीक्षेत स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ जिंकले. त्याच्या बाष्पपात्रातून आग एका जाड नळ्याने न नेता तांब्याच्या २५ बारीक नळ्यांनी नेली होती. नळ्या जितक्या जास्त तितका आगीचा आणि पाण्याचा शेजार अधिक. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली इंजिनेही याच कुळातली. न्हाणीघरातला बंब म्हणजे त्या कुळातला एक घरबशा धाकटा भाऊ.

शब्दाचे कूळ मात्र समुद्रापलीकडचे आहे. पोर्तुगीजांचा ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. त्याचा आपण बंब केला. म्हणूनच आगीचा बंब आणि न्हाणीचा बंब हे नावाने सख्खे भाऊ. एक आग विझवायला धावतो आणि दुसऱ्याच्या पोटात आग लावल्याशिवाय तो कामाला लागत नाही, हा भाग निराळा. बालदी आणि घमेले हीही त्याच जहाजातून उतरलेली. आपल्या न्हाणीघरातून पोर्तुगीज भाषा हद्दपार करायची म्हटली तर अंघोळ नदीवरच करावी लागेल.

असो. आता मुद्द्याकडे येतो. साताऱ्याच्या आमच्या घरी असे दोन बंब होते. आजोबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी मोजली गेली आणि दोन भावांना दोन बंब आले. पुढे गॅस आला, मग विजेचे गीझर आले, मग गच्चीवर सौर पेट्या आल्या. आमच्या वाट्याचा बंब माळ्यावर गेला आणि काकांच्या वाट्याचा परसात मातीने भरून कोरफडीला दिला गेला. २०२३ सालच्या पावसाळ्यात चुलतभावाने मोडवाला बोलावला. आमचा बंब काट्यावर साडेदहा किलो भरला. रक्कम ऐकून चुलतभाऊ म्हणाला, “तुझाही देऊन टाक. एवीतेवी धूळच खातोय.” त्याचे चुकत नव्हते. तांब्याचे मोल वजनावर ठरते; घडणावळीचे मोल मोडवाल्याच्या काट्यावर उठत नाही. आणि बंबाची तर जवळजवळ सगळी किंमत घडणावळीतच आहे. वितळवलेल्या तांब्याची उद्या विजेची तारही होईल, पण तिच्यातून पुन्हा बंब काढणारा माणूस कुठून आणणार?

मी दोन्ही बंब ठेवून घेतले. खरा विरोध झाला तो काकूंकडून.

काकू आज ऐंशीच्या पुढे आहेत. बंब घासायला काढलेला पाहून त्या पडवीत आल्या आणि म्हणाल्या, “हे धूड कशाला रे उतरवलंस?”

“दिवाळीला पेटवायचाय, काकू. नरकचतुर्दशीच्या अंघोळीला.”

“कोण पेटवणार?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. काकूच पुढे म्हणाल्या, “तुम्हाला अंघोळीची आठवण येते. मला राखेची येते.”

बंबाविषयी जे हळवे लेखन आजवर झाले आहे, ते बहुतेक अंघोळ करणाऱ्यांनी केलेले आहे. पहाटेचा गारवा, उटण्याचा वास, कढत पाण्याची वाफ आणि बाहेर फटाका वाजला की दचकणारी मुले हे सारे खरेच आहे. पण पाणी पाचला कढत हवे असेल तर बंब चारला पेटावा लागतो, आणि त्याच्याही आधी आदल्या दिवसाची राख काढावी लागते, पाणी शेंदून भरावे लागते, ढलप्या कोरड्या आहेत की नाहीत ते पाहावे लागते. चौदा माणसांच्या घरात एका बंबावर भागत नाही. पाणी काढले की भरायचे आणि भरले की जळण सारायचे, हे आठ वाजेपर्यंत चाले. काकूंनी हे तीस वर्षे केले. रॉकेलचा बोळा नळ्यात टाकताना भडका उडाल्याची खूण त्यांच्या उजव्या मनगटावर अजून आहे. आणि अंघोळीचा क्रम कसा? आधी आजोबा, मग घरातले इतर पुरुष, मग शाळेची मुले, मग मुली आणि सगळ्यांत शेवटी बायका. तोवर विस्तव विझलेला आणि पाणी कोमट. तीस दिवाळ्यांत आपण बंबाचे पहिले पाणी अंगावर घेतले नाही, असे काकूंनी सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. वाण्याचा हिशेब सांगावा तसे सांगितले.

मी म्हटले, “मग नको पेटवायला?”

“मी कुठं नको म्हटलं? पेटव ना. तू पेटव.”

या अटीवर काम सुरू झाले.

पहिली गोष्ट म्हणजे बंब दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही हे ओळखणे. काळा रंग, हिरवे जंगाल, पोचे यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ही सगळी वरवरची दुखणी. जीव असतो आतल्या नळ्यात. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. रात्री दिवे मालवावेत, पाण्याच्या जागेत एक पेटता टॉर्च सोडावा, वरचे तोंड कापडाने झाकावे आणि नळ्यातून डोकावून पाहावे. नळा अभंग असेल तर आत मिट्ट काळोख दिसतो. झिजून भोके पडली असतील तर चांदण्या दिसतात. आमच्या बंबात काळोख दिसला. काकांच्या बंबातली माती काढून तसेच पाहिले, तर अवघे तारांगण! पुष्कळ वर्षांपूर्वी एका भाडेकरूने तो पाणी न भरता पेटवला होता, ही गोष्ट मग काकूंना आठवली.

पाणी न भरता पेटवणे हे बंबाच्या बाबतीत महापाप. ‘आधी पाणी, मग विस्तव’ असे आमच्याकडे जाता-येता बजावले जाई. त्यामागचे कारण असे. तांबे स्वतः १०८५ अंशांना वितळते. बंबातल्या विस्तवाने त्याचे पाणी व्हायचे नाही. पण तोटी आणि काही सांधे कथील-शिशाच्या डाकाने झाळलेले असतात, आणि तो डाक साधारण १८३ अंशांच्या पुढे पाघळू लागतो. पाणी भरलेले असेपर्यंत तांब्याला शंभर अंशांच्या फार वर जाताच येत नाही, कारण जास्तीची उष्णता पाणी उकळून वाफेवाटे नेत राहते. पाणी संपले की हा पहारेकरी गेला. मग डाक पाघळतो, तोटी निखळते आणि नळ्याचा पत्रा लालभडक होऊन पापुद्र्या-पापुद्र्याने झडू लागतो. बंब तापत असताना निम्म्याच्या खाली पाणी जाऊ द्यायचे नाही, हा नियम त्याच्याच पोटातला.

आमचा बंब घेऊन मी पुण्याला गेलो. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून वर आलेल्या तांबटांची, म्हणजे त्वष्टा कासारांची ही वस्ती. तिथल्या ठोक्यांचा आवाज आधी कानी पडतो आणि मग दुकान दिसते. पंजाबात जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या तांब्या-पितळेच्या कारागिरीला २०१४ साली युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत घेतले. आपल्या तांबटांचा हात काही त्यांच्याहून हलका नाही.

ज्या वृद्ध कारागिराने काम घेतले, त्यांनी बंबाकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. बोटाच्या पेराने चार ठिकाणी टकटक केले, कान दिला आणि म्हणाले, “सर, अंग ठणठणीत आहे. पोचे काढू, तोटी बसवू. पण एक सांगतो, पॉलिश मशिनवर करणार नाही.” का, म्हणून विचारले तेव्हा त्यांनी चिंचेचा कोळ लावून वीतभर जागा घासली. काळ्याखालून ठोक्यांच्या ओळी वर आल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. याला मठारकाम म्हणतात. त्यांनी बोट फिरवून दाखवले: वरच्या अंगाचे ठोके एका हाताचे, खालच्याचे दुसऱ्या, बाप-लेक असतील किंवा उस्ताद आणि शागीर्द. यंत्रावर घासले की पत्रा पातळ होतो आणि या ओळी पुसल्या जातात. चकाकी राहते, सही जाते.

मठारणे नुसत्या नक्षीसाठी नसते. तांब्यावर ठोके देत गेले की ते ताठर होते आणि पातळ पत्रासुद्धा पाण्याचा भार पेलतो. उलट पोचा काढायचा तर त्याला आधी मऊ करावे लागते. त्यासाठी तो भाग तापवून लाल करतात. लाल पोलाद पाण्यात बुडवले तर कडक होते. तांबे बुडवले तरी मऊच राहते, आणि याच गुणावर सगळी तांबटकी उभी आहे. तापवण्याआधी तोटी काढून ठेवावी लागते, नाहीतर डाक पाघळायचा. मग आतून लोखंडी मोगरीचा आधार देऊन बाहेरून लाकडी हातोड्याने पोचे बसवायचे आणि शेवटी जुन्या ठोक्यांच्या रांगेत नवे ठोके मिळवायचे. नवे कुठले आणि जुने कुठले, हे मला तरी सांगता आले नाही.

तोटी गळत होती. ती पितळी, निमुळत्या खुंटीची. नवी बसवणे सोपे होते, पण त्यांनी खुंटीला तेल आणि कुरुंदाची बारीक पूड लावून ती जागच्या जागी अर्धा तास फिरवली. दोन्ही अंगे एकमेकांवर घासून जुळली आणि गळती थांबली. झिजून गेलेली बिडाची जाळी नवी केली.

पाण्याच्या बाजूला क्षारांचा जाड थर होता. पाठीवर घोंगडे घेऊन बसलेल्या माणसाला ऊन जितके लागेल तितकीच उष्णता अशा थरातून पाण्याला लागते. कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून ते रात्रभर आत ठेवले. सकाळी तोटीतून जे पाणी आले, त्याचे वर्णन दिवाळी अंकात करू नये. बाहेरून मात्र चिंच आणि मीठ. चिंचेतले आम्ल काळा थर विरघळवते आणि मीठ त्याला हात देते. घासून झाल्यावर खळखळून धुवायचे आणि कोरडे पुसायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग उमटतात.

कल्हई करावी का, असे मी विचारले होते. स्वयंपाकाच्या भांड्याला ती हवीच, नाहीतर ताक-आमटी कळकते. बंबातले पाणी अंघोळीचे. त्याला कल्हई नसली तरी चालते. मात्र डाकात शिसे असते, म्हणून बंबातले पाणी चहाला घेण्याचा मोह टाळावा.

आता दुसरा बंब. त्याचा नळाच गेलेला. तो नवा करायचा तर खर्च बंबाच्या मोलाहून अधिक. पाणी तापवण्याच्या कामातून तो कायमचा निवृत्त झाला होता. त्याच सुमारास ह्यूस्टनला असलेल्या माझ्या मावसभावाने एक छायाचित्र पाठवले. टेक्सासात परसात धुरावर मांस शिजवण्याच्या लोखंडी भट्ट्या असतात. कुणी तेलाची जुनी पिंपे कापूनही त्या करतात. त्याने शेजाऱ्याने टाकून दिलेली एक गंजकी भट्टी आणून खरवडली होती, तेल चोळून तापवली होती आणि मोठ्या अभिमानाने तीवर मक्याची कणसे मांडली होती. घुमटाच्या झाकणाची जी गोल शेगडी अमेरिकेत घरोघर दिसते, तिचीही कुळकथा अशीच आहे. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांनी, ज्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनत तिथलाच एक बोया मधोमध कापून ती पहिल्यांदा केली. ते छायाचित्र पाहताना वाटले की खाली वारा, मधे विस्तव, वर झाकण आणि झाकणाला धुराचे भोक, एवढेच जर लागते, तर आमच्या परसात ते अर्धे तयार उभे आहे.

साताऱ्याच्याच एका भांडीदुरुस्तीवाल्याकडून झिजलेला नळा कापून काढला. आतल्या बाजूने चिकणमाती, विटांचा चुरा आणि भाताचे तूस मळून तीन बोटे जाड लिंपण दिले. हे काही नवे नाही; पत्र्याच्या जुन्या बादलीला आतून माती लिंपून शेगडी करण्याची रीत आपल्याकडे सर्रास होती. मातीमुळे विस्तवाची धग थेट तांब्याला लागत नाही आणि भट्टी विझल्यावरही तासभर ऊब धरते. लिंपण आठ दिवस सावलीत वाळू द्यावे लागते. घाईने उन्हात ठेवले तर तडकते. मग जाळी, तिच्यावर वीतभर निखारे आणि वरच्या तोंडाशी लोखंडी सळ्यांची दुसरी जाळी. ही दुसरी जाळी साध्या लोखंडाची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी स्वस्त मिळते, पण ती फार तापली की तिच्यातून निघणारा धूर पोटात जाण्याजोगा नसतो. जळण बाभळीचे, आंब्याचे, चिंचेचे, कसेही चालेल. मात्र रंग दिलेली चौकट आणि प्लायवूडचे तुकडे नकोत.

अश्विनात आमच्याकडे भुईमूग निघतो. ओल्या शेंगा, रताळी आणि भरताची वांगी या भट्टीत झाकण ठेवून भाजली, तर गॅसवर भाजलेल्या वांग्याचे आणि या वांग्याचे गोत्र वेगळे लागते. धूर वांग्याच्या सालीवर थांबत नाही, आत उतरतो. पूर्वीही बंबाची पाण्याची पाळी संपली की राखेत रताळी पुरून ठेवायची चाल होतीच. बंबाचा हा जोडधंदा होता. आता तोच मुख्य धंदा झाला, इतकेच. बंब मोडीत घालू म्हणणारा चुलतभाऊ आता दर रविवारी वांगी घेऊन येतो. त्याविषयी मी चकार शब्द काढत नाही.

पहिल्या बंबासाठी परसात, उघड्यावर जागा केली. हे मुद्दाम सांगतो. जुनी न्हाणीघरे मोठी, कौलारू, फटींची असत. आजच्या बंद न्हाणीघरात लाकूड किंवा कोळसा पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांना चुरचूर नसते. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो उठत नाही. बंब बाहेर ठेवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे.

मग जळणाचा प्रश्न आला. बंबाच्या नळ्यात मावतील अशा वीतभर लांबीच्या फोडींना ‘बंबफोड’ म्हणत. वखारीत एवढा एक शब्द उच्चारला की पुरे असे. मी वखारीत तो उच्चारला, तेव्हा गल्ल्यावरचा तरुण माझ्याकडे पाहत राहिला. आतून त्याच्या आजोबांनी ऐकले आणि ते कुऱ्हाड घेऊनच बाहेर आले!

नरकचतुर्दशीची आदली रात्र ही न्हाणीतले पाणी भरण्याची. गोव्यात आणि दक्षिण कोकणात त्या रात्री न्हाणीतले भांडे घासून त्याला कारिटाची वेल गुंडाळतात. आमच्याकडे झेंडूची माळ आणि हळदकुंकवाची बोटे. पहाटे चारला मी आणि चुलतभाऊ परसात उभे. थंडी बेताची होती. पाणी गळ्यापर्यंत भरले होते. काकू शाल पांघरून पडवीतल्या खुर्चीत बसल्या आणि तिथून हुकूम सुटू लागले.

“रॉकेल नको. करवंटी पेटव आधी, तिच्यात तेल असतं. हं. आता बारीक ढलप्या. उभ्या टाक, आडव्या नको. आडव्या अडकतात मधेच. भरू नकोस एवढा, वारा कुठून जाणार? धूर बघ. पांढरा आहे तोवर हात लावायचा नाही. पातळ झाला की मोठी फोड.”

यातले एक वाक्यही कुठल्या पुस्तकात नाही. पाणी तापले की नाही हे काकूंनी बंबाला हात न लावता ओळखले. आधी तो चुरचुरतो, मग गुणगुणतो. गुणगुण खाली बसली की पाणी उकळीला आले. विसाव्या मिनिटाला चुरचूर सुरू झाली आणि चाळिसाव्याला गुणगुण.

पहिली बादली भरली तेव्हा चुलतभावाने ती उचलून नेहमीच्या सवयीने स्वतःच्या न्हाणीकडे पावले वळवली. मी काही बोलण्यापूर्वीच त्याची बायको म्हणाली, “अहो, ती इकडे आणा. पहिलं पाणी आईंचं.”

काकूंनी बरेच आढेवेढे घेतले. “मला आता कढत सोसत नाही,” म्हणाल्या. “उटणं पोरांना लावा आधी,” म्हणाल्या. शेवटी सुनेने त्यांच्या पाठीला तेल चोळले आणि दार लावून घेतले. बराच वेळ आतून नुसता तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत राहिला. मग हाक आली, “अरे, अजून अर्धी बादली आहे का रे?” आम्ही दोघेही एकदमच तोटीकडे धावलो.

चार दिवसांनी बंब रिकामा केला, उपडा घालून दोन दिवस वाळवला, तोटीच्या खुंटीला खोबरेल लावले आणि गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवला. माळ्यावर नाही. पुढच्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी वीज गेली. ढगांमुळे गच्चीवरची सौर पेटीही गारच होती. साडेपाचला चुलतभावाच्या घरून फोन आला. काकूच होत्या.

“बंबफोड शिल्लक आहे का रे थोडी?”